पानाचे सोने, पानाची शेपटी

१/
२३ ऑक्टोबर १९८८ रोजी जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' हा व्हिडिओ गेम बाजारात आला. त्यात एक तपकिरी पान हेलकावे खात खाली येते. मारिओने ते झेलले की त्याला कान फुटतात, शेपूट येते आणि पुरेशी धाव घेतल्यावर तो उडू लागतो. पानाने रूप पालटते ही कल्पना नागपूरला परकी नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी हे शहर पानाचे सोने करते. हा धागा त्या दोन पानांविषयी आहे, आणि दोन्हींना जोडणाऱ्या एका नियमाविषयी.

२/
रूप पालटणारी वस्तू ही मारिओच्या खेळांची जुनी ओळख. १९८५ च्या पहिल्या खेळात अळंबी खाल्ली की छोटा मारिओ मोठा होई, फूल मिळाले की अग्निगोळे फेकू लागे. मात्र प्रत्येक वस्तूला अट होती. शत्रूचा एक स्पर्श झाला की मिळालेले सामर्थ्य जाई. तिसऱ्या खेळातील पानही तसेच. उड्डाण ठरावीक काळापुरते, आणि एक धक्का बसला की शेपूट नाहीशी.

३/
पण शेपटीसाठी पानच का? उत्तर जपानी लोककथांत आहे. तानुकी हा तेथील एक रानटी प्राणी. दिसतो रकूनसारखा, पण कुळ कुत्र्याचे. लोककथांतला तानुकी डोक्यावर पान ठेवतो आणि हवे ते रूप घेतो. जपानी मुलांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांना पान पाहून नवल वाटले नाही. इतर देशांतील मुलांना मात्र पानाचा आणि शेपटीचा संबंध कोडेच वाटला.

४/
याच खेळात तानुकीचा अख्खा पोशाखही मिळतो. तो घातलेला मारिओ क्षणभर दगडी मूर्ती होऊ शकतो. ती मूर्ती जिझोची, म्हणजे जपानच्या वाटांवर जागोजागी दिसणाऱ्या बोधिसत्त्वाची. संस्कृतात त्याचे नाव क्षितिगर्भ. भारतातून निघालेली एक प्रतिमा चीनमार्गे जपानला पोहोचली आणि तेथून खेळण्याच्या पडद्यावर आली. वस्तू आणि चिन्हे अशी दूरवर जातात. प्रश्न असतो तो त्यांच्याबरोबर त्यांचा अर्थही जातो की नाही, याचा.

५/
तानुकीच्या आणि कोल्ह्याच्या कथांत पानाचा आणखी एक उपयोग आहे. हे प्राणी माणसाचे रूप घेऊन दुकानात जातात, माल घेतात आणि नाणी मोजून देतात. सकाळी व्यापारी पेटी उघडतो तेव्हा आत नाण्यांऐवजी वाळलेली पाने असतात. पानाचे धन रात्रीपुरतेच टिकते. ही फसवणुकीची कथा आहे. महाराष्ट्रातील पानाची कथा मात्र अगदी उलट दिशेने जाते.

६/
ती कथा कौत्साची. वरतंतू ऋषींचा हा शिष्य. विद्या पूर्ण झाल्यावर त्याने गुरुदक्षिणेचा हट्ट धरला, तेव्हा गुरूंनी चौदा विद्यांसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. रघूने नुकतेच विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केले होते. पाहुण्याच्या स्वागतासाठी त्याच्यापाशी मातीचे पात्र उरले होते. याचकाला परत पाठवणे त्याला मान्य नव्हते. त्याने कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि रात्रीतून कोषागारात सुवर्णवृष्टी झाली.

७/
कालिदासाच्या रघुवंशाच्या पाचव्या सर्गात हा प्रसंग आहे. नागपूरजवळच्या रामटेकला मेघदूतातील रामगिरी मानणारी परंपरा मोठी आहे. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी तिचा साक्षेपाने पुरस्कार केला. कालिदासाच्या काव्यात सोने कोषागारात पडते. लोकपरंपरेने ते आपट्याच्या झाडावर पाडले. त्या एका बदलाने राजाच्या तिजोरीतील धन रानातल्या झाडावर आले आणि कोणाच्याही हाती लागू शकेल असे झाले.

८/
कथेचा गाभा मात्र सुवर्णवृष्टीत नाही, तिच्या नंतरच्या क्षणात आहे. रघू म्हणतो, सगळे ने. कौत्स म्हणतो, गुरूला द्यायचे तेवढेच नेईन. देणारा मागितल्याहून अधिक देऊ पाहतो, घेणारा गरजेहून अधिक घेत नाही. कालिदासाच्या अयोध्येतील लोक या दोघांचेही कौतुक करतात. लोककथेत उरलेले सोने प्रजेला वाटून टाकले जाते. दसऱ्याचे पान सोने ठरते ते या नकारामुळे.

९/
हाच तो समान धागा. रूप पालटणाऱ्या वस्तूचे मोल तिच्या मर्यादेत असते. मारिओचे पान कायमचे मिळाले असते, तर खेळ दोन मिनिटांत कंटाळवाणा झाला असता. कौत्साने सारे सोने नेले असते, तर तो व्यवहार झाला असता, सण झाला नसता. मर्यादा काढून घेतली की चमत्कार संपतो आणि हातात वस्तू तेवढी उरते.

१०/
आज दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरच्या बाजारांत काय दिसते? पाने नव्हे, फांद्या. जुड्याच्या जुड्या. आणि त्यांतील पुष्कळशी पाने आपट्याची नसतातच. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीने अधिक भरणारे. कांचनाचे पान मोठे आणि पातळ. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही जोडपानासारखी दुभंगलेली, म्हणून फसगत सोपी. पानाचे सोने होण्याआधी कांचनाचा आपटा झालेला असतो.

११/
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे सोने रस्त्याकडेला, गटारात आणि कचऱ्याच्या गाडीत असते. तानुकीच्या कथेतल्या व्यापाऱ्याची सकाळ ती हीच. फरक एवढाच, की इथे फसवणारा आणि फसणारा एकच आहे. 'सोने लुटणे' हा शब्दप्रयोग सीमोल्लंघनाच्या प्रथेतून आला. त्यातील लूट लाक्षणिक होती. झाड ओरबाडले जाते तेव्हा ती शब्दशः खरी होते.

१२/
यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला : आपटा चिवट आहे, तोडला तरी फुटतो. खरे आहे. पण पान खुडणे वेगळे आणि दरवर्षी फांद्या मोडणे वेगळे. लहान झाडाला दुसरे सोसत नाही. दुसरा : खेड्यांतून पाने आणून विकणाऱ्यांना सणाचे चार पैसे मिळतात. हेही खरे. म्हणूनच बहिष्काराचा उपदेश अन्यायाचा ठरेल. फांदीऐवजी मोजकी पाने त्याच भावात विकत घेणे, हा अधिक न्याय्य मार्ग आहे. रोपही विकत घेता येते.

१३/
कागदी किंवा प्लास्टिकची सोनेरी पाने हा उपाय नव्हे. त्यांनी झाड वाचते, पण कथा मरते. ज्या पानाला रान नाही, ऋतू नाही आणि वाळणेही नाही, ते रूप पालटत नाही. ते आधीपासूनच सोन्याचे सोंग घेऊन आलेले असते.

१४/
नागपूरला दसऱ्याचा विचार करताना आणखी एक तारीख ओलांडता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६. अशोक विजयादशमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात भदंत चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. या शहराने पाहिलेले सर्वांत मोठे परिवर्तन दसऱ्याच्याच दिवशी घडले, आणि त्याला कोणत्याही चमत्कारी वस्तूची गरज पडली नाही.

१५/
त्या दिवशी लोकांनी सोबत काय नेले? बावीस प्रतिज्ञा. म्हणजे स्वतःला घालून घेतलेले नियम : काय करणार नाही आणि काय पाळणार. खेळाच्या गमतीशी या घटनेची तुलना होऊ शकत नाही. तिच्यातून मिळणारा धडा मात्र सर्वांसाठी आहे. माणसाचे पालटणे टिकते ते नियम पाळण्याने. नियमाविना उरलेले चिन्ह दुसऱ्या दिवशी झाडून टाकावे लागते.

१६/
नव्वदच्या दशकात भारतीय शहरांतल्या घराघरांत निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला आल्या. दूरचित्रवाणीला तारा जोडायच्या, 'कॅसेट' खोचायची, की मारिओ धावू लागे. त्या पिढीतील मुले आज आईबाप आहेत. पडद्यावरचे सामर्थ्य अटींवर मिळते आणि जपावे लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. तोच नियम आपट्याला लावणे त्यांना अवघड जाऊ नये.

१७/
तेव्हा येत्या दसऱ्याला एका भेटीला एक पान पुरे. ते आपट्याचेच आहे ना, हे मुलांना ओळखायला शिकवावे. वसाहतीत जागा असेल तर आपट्याचे एक झाड लावावे, आणि ते मोठे होईपर्यंत त्याचे पान खुडू नये. थोरांच्या हाती पान ठेवून नमस्कार करताना ही कथा सांगायची झाली, तर सुवर्णवृष्टीपाशी थांबू नये. कौत्साने किती नेले, ते जरूर सांगावे.