विजेचाही उतारा विचारा



अकोल्याहून अमरावतीकडे येताना मूर्तिजापूरच्या स्टँडवर एक सभासद भेटले. घरावर सोलर बसविलेले, बिल कमी झालेले, तरी कपाळावर आठी. म्हणाले, "भाऊ, बिल तं उतरलं, पन मोटारीचं कपॅसिटर दुसऱ्यांदा फुगलं. सोलरनं तं नसन झालं?" मी म्हटले, "असेलही, नसेलही. मोजल्याबिगर कसं सांगावं?" हे उत्तर त्यांना पटले नाही, आणि खरे म्हणजे मलाही पुरेसे वाटले नाही. म्हणून हा लेख.

पारसच्या वीज केंद्रात किंवा बगॅसवरच्या सहवीज प्रकल्पात वजनदार जनित्र फिरते. त्याची लाट मुळातच बरीच गुळगुळीत असते. सोलरच्या प्लेटांतून मात्र सरळ वीज, म्हणजे डीसी निघते. इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा स्विचांची उघडझाप करून तिच्यातून ५० फेऱ्यांची लाट घडवितो. ही कोरीव लाट. स्विचांमधला बारीकसा विलंब आणि लाइनवर आधीपासूनच असलेली खराबी यांमुळे तिच्यावर खवले राहतात. ५० च्या पटीतले, म्हणजे २५०, ३५० फेऱ्यांचे हे खवले म्हणजेच हार्मोनिक्स.

ते दिसत नाहीत, पण भोगावे लागतात. कपॅसिटरचा विरोध २५० फेऱ्यांना पाचपटीने कमी होतो, त्यामुळे ही घाण नेमकी त्याच्यातच घुसते आणि त्याला तापविते. डीपीचीही उष्णता वाढते. मे महिन्यात ४५ अंश सोसणाऱ्या आपल्या वऱ्हाडातल्या डीपीला हा जादा ताप कशाला?

यावर उपाय नाही असे नाही. बैलाचा चरक आठवा. वाटेत एकाच जागी दगड असेल, तर पहिल्या फेरीत बैल अडखळतो, पुढच्या फेरीत त्याच जागी पाय उचलून टाकतो. इन्व्हर्टरलाही हेच शिकविता येते. लाटेची एक फेरी २० मिलिसेकंदांची. या फेरीत कुठे किती चूक झाली ते लक्षात ठेवायचे आणि पुढच्या फेरीत त्याच ठिकाणी दुरुस्ती करायची. याला रिपिटिटिव्ह कंट्रोल, म्हणजे पुनरावृत्ती नियंत्रण म्हणतात. १९८० च्या सुमारास जपानी संशोधकांनी प्रोटॉन सिंक्रोट्रॉन या यंत्राच्या चुंबकांना अचूक वीज पुरविण्यासाठी ही पद्धत काढली. तिचा गुण असा की पाचवा, सातवा, अकरावा असे खवले वेगवेगळे धरावे लागत नाहीत. सगळ्यांवर एकदमच इलाज होतो.

पण ही जादू नव्हे. ढग आला, भार एकाएकी बदलला, तर पहिल्या फेरीत ही आठवण कामाची नाही. सोबत दुसरे चपळ नियंत्रण लागतेच. शिवाय चरकाचा घेर बदलला तर बैलाचे पाऊल चुकते. सेकंदाला १०,००० नोंदी घेणाऱ्या यंत्राला ५० वर एका फेरीत २०० नोंदी मिळतात, ४९.९ वर फेरी २००.४ नोंदींची होते. आपल्या देशाच्या ग्रिडची मर्यादाच ४९.९० ते ५०.०५ आहे. एवढा फरक सांभाळून घेण्याची सोय ज्या यंत्रात नाही, त्याची दुरुस्ती वरच्या खवल्यांवर हळूहळू भलत्याच जागी पडू लागते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा घाणीचे काय घेऊन बसलात? एका घराचे काही नाही. पण २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेपासून फीडरवर सोलर प्रकल्प येऊ लागले, २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेने छपरांवर येऊ लागले. थेंबे थेंबे तळे साचे, हे घाणीलाही लागू आहे. मात्र न्यायाने बोलायचे तर दोष एकट्या सोलरचा नाही. नुसत्या प्लेटांवर चालणारा, लाइनला न जोडलेला सौरपंप यात निर्दोष आहे. उलट कारखान्यातल्या मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह हीच घाण करतात. तेव्हा आधी आपले अंगण झाडावे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनी वितरण जाळ्याला जोडलेल्या प्रकल्पांना हार्मोनिक्सची मर्यादा घातली, आणि प्रकल्प सुरू होण्यापूर्वी व त्यानंतर वर्षातून एकदा संबंधितांसमक्ष मोजणी करायला सांगितले. नियम कागदावर आहे. तो बांधावर आणणे आपल्या हातात आहे.

माझे स्पष्ट मत असे की, सहकारी संस्थांनी सोलरचे टेंडर किलोवॅटच्या भावावर सोडू नये. पूर्ण भारावर तसेच सकाळ-संध्याकाळच्या कमी भारावर लाट किती शुद्ध राहते, याचा चाचणी अहवाल मागावा. बसविण्यापूर्वी आणि नंतर मोजणी करावी, आणि तिचे आकडे वार्षिक सभेत वाचून दाखवावेत. त्या सभासदाला "असेलही, नसेलही" असे उत्तर पुन्हा मिळू नये.

ऊस गव्हाणीत पडला की आपण नुसत्या वजनावर थांबत नाही, उतारा विचारतो. विजेचाही विचारा.