छताला गुण किती?

मौद्याच्या औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी पाहिली की कोळसा आठवतो; तो काढणारा कामगार सहसा आठवत नाही. देशातला ९० टक्क्यांहून अधिक कोळसा आज उघड्या खाणींतून निघतो, हे खरे. पण आपल्याच जिल्ह्यात सावनेर परिसरात भूमिगत खाणीही आहेत. तिथे रोज एकच प्रश्न असतो : डोक्यावरचे छत टिकेल का?

१२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडातील सिल्क्याराचा बोगदा खचला, तेव्हा हाच प्रश्न देशभर विचारला गेला. ४१ मजूर सतराव्या दिवशी सुखरूप बाहेर आले. जमिनीच्या पोटात काय आहे, हे खोदेपर्यंत पूर्ण कळत नाही. सर्वेक्षणातले छिद्र त्या एका जागेचा खडक दाखवते. दोन छिद्रांमधल्या भागाचा अंदाजच करावा लागतो.

हा अंदाज शिस्तीत बसवण्यासाठी धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात भारतीय कोळसा खाणींसाठी गुणपद्धत रुजवली. छताला १०० पैकी गुण मिळतात : थरांच्या जाडीला ३०, भेगा व इतर रचनेला २५, पाण्याने खडक विरघळून झिजण्याला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि पाझराला १०. म्हणजे दगड कणखर असणे पुरेसे नाही. पातळ थरांचा, भेगाळलेला मजबूत वालुकाश्मही दगा देऊ शकतो.

या गुणांवरून आधार ठरतो : छतात किती बोल्ट, किती अंतरावर ठोकायचे, टेकू कुठे लावायचे. त्यासाठीच्या सूत्रात गॅलरीची रुंदी आणि खडकाची घनता तीच ठेवून गुण ६० वरून ४० वर आले, तर आधारावर येणारा अंदाजित भार अडीच पटींहून अधिक वाढतो. म्हणून वीस गुणांची चूक किरकोळ नसते.

खरी अडचण इथेच आहे. गुण एकदा काढले जातात, पण खोदकाम रोज पुढे सरकते. पन्नास पावलांवर भेग लागू शकते, पावसाळ्यात पाझर वाढू शकतो. मग कागदावरचे ६० प्रत्यक्षात ४० होतात आणि बोल्ट मात्र जुन्याच हिशेबाने ठोकले जातात. यावर उपाय अवघड नाही. छत किती खाली येते हे दाखवणारी साधी मापनयंत्रे असतात. त्यांची नोंद नियमित घ्यावी, खडक बदलला की गुण पुन्हा काढावेत आणि तोवर अंदाज कमीच धरावा.

आणखी एक गोष्ट. छताचे गुण अभियंत्याच्या वहीत राहतात. ते त्याखाली उभ्या असलेल्या कामगारालाही, कंत्राटी असला तरी, त्याच्या भाषेत कळायला हवेत. काठीने छत ठोकून पोकळ आवाज ओळखणारा तोच असतो. त्याने काम थांबवायला सांगितले, तर आधी काम थांबावे. चौकशी नंतर व्हावी.