तिघांचे गाणे

एखाद्या गाण्याचा विषय निघाला की आपण पटकन म्हणतो, हे लताचे गाणे, ते आशाचे, ते अरुण दात्यांचे. गळा ज्याचा, गाणे त्याचे, असा जगाचा रिवाजच आहे. पण ज्यांचे कान रेडिओवर तयार झाले, त्यांना गाण्याची ओळख अशी एकेरी कधी झाली नाही. गाणे लागण्याआधी निवेदिका तीन नावे सांगत असे : कवीचे, संगीतकाराचे आणि गायकाचे. आज गाणी मुबलक झाली, ऐकण्याची साधने खिशात आली. पण ती तीन नावे मात्र वाटेत कुठेतरी गळून पडली. या गळतीची कुणाला फारशी खंत वाटत नाही, म्हणून हा लेख.

आमच्या घरी रेडिओ स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीतल्या फळीवर असे. त्याच्या परवान्याचे पैसे वडील दरसाल पोस्टात भरून येत. 'आपली आवड' सुरू झाले की आम्हा भावंडांचा एक खेळ चाले. 'गीत मंगेश पाडगावकर, संगीत श्रीनिवास खळे' एवढे कानी पडले की तिसरे नाव येण्याआधी गाणे ओळखायचे. आई पोळ्या लाटता लाटता पंचाचे काम करी. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कवितेचे पुस्तक तिने आयुष्यात विकत घेतले नाही. पण कार्यक्रम अर्ध्यावर असताना रेडिओ लावला, तर दोन ओळी ऐकून ती म्हणे, "हे माडगूळकरांचं नाही रे, सावळारामांचं असेल." आणि बहुतेक वेळा ते तसेच निघे. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर या तिघांचे सासरी निघालेल्या मुलीचे गाणे लागले, की तिचे लाटणे थांबे. तव्यावरची पोळी करपली तरी त्या तीन मिनिटांत तिला कुणी हाक मारत नसे.

आईला वाङ्मयाचे हे शिक्षण दिले ते निवेदिकेने. तिने कधी कवितेवर व्याख्यान दिले नाही. फक्त रोज न चुकता नावे सांगितली. शब्द कुणीतरी लिहिलेले असतात, चाल कुणीतरी बांधलेली असते, ही जाणीव त्या नावांमुळे घरात आली.

नाव कळल्याने गाण्यात काय भर पडते, असे कुणी विचारील. माझ्या आवडत्या गाण्यांपैकी दोन सांगतो. 'तोच चंद्रमा नभात' हे सुधीर फडक्यांनीच चाल बांधून गायिले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याचे शब्द शान्ता शेळक्यांचे आहेत, आणि त्यांची मूळ कल्पना एका जुन्या संस्कृत श्लोकातली आहे, हे कळले की गाण्यामागे शेकडो वर्षांचे एक दालन उघडते. सगळे तेच आहे आणि तरी काहीतरी हरवले आहे, ही हुरहुर आपल्या आधीही किती जणांनी भोगली असेल, असे वाटून जाते.

दुसरे 'साधी माणसं' या १९६५ सालच्या चित्रपटातले, लोहाराच्या ऐरणीला देव मानणारे. संगीतकार 'आनंदघन', म्हणजे स्वतः लताबाई. आणि शब्द कोल्हापूरच्या जगदीश खेबूडकर या शाळामास्तरांचे. १९७२ च्या 'पिंजरा'तल्या फक्कड लावण्याही याच लेखणीतल्या. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याची प्रार्थना आणि फडावरचा ठसका एकाच माणसाने लिहिला, हा चकित होण्याचा आनंद ज्याला नावच माहीत नाही त्याला कसा मिळणार?

'गीतरामायण' हे तर याचे मोठे उदाहरण. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ते वर्षभर चालले. ५६ गीते, सगळी माडगूळकरांची. चाली सगळ्या फडक्यांच्या. गायक मात्र अनेक होते. पुढे बाबूजींनी ती सारी स्वतः गाऊन गावोगाव नेली. पण आजही लोक माडगूळकरांचे नाव आधी घेतात. मराठी माणसाने कवीला असा पहिला मान क्वचितच दिला असेल.

आता फोनच्या पडद्यावर गाणे लावून पाहा. गायकाचे नाव ठळक दिसते, कधी चित्रपटाचे; कवीला शोधावे लागते. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धांत मुले सुरेख गातात, परीक्षक डोळे पुसतात, आणि ज्याच्या शब्दांनी हे पाणी आले तो बहुधा अनुल्लेखित राहतो. मी उभा जन्म बँकेत काढला. खात्यात रक्कम जमा आहे, पण तपशिलाचा रकाना कोरा, अशी नोंद कोणताही तपासनीस चालवून घेत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र आपण ती खुशाल चालवून घेतो.

नावामागे पैसाही असतो. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, आणि चित्रपटगीताच्या कवीला व संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा मिळण्याचा हक्क मिळाला. तो निर्मात्याला लिहूनही देता येत नाही. पण ज्याचे नावच लोकांना ठाऊक नाही, त्याचा वाटा कुणी खाल्ला तर विचारणार कोण?

'सगळी माहिती इंटरनेटवर आहे,' असे तरुण मंडळी म्हणतात. आहे, नाकारत नाही. पण ती ज्याला हवी असते त्यालाच मिळते. रेडिओ ती न मागणाऱ्यालाही देत असे. पोळ्या लाटणाऱ्या बाईला, सायकलचे पंक्चर काढणाऱ्या पोऱ्याला. फरक आहे तो हा.

म्हणून एक साधी सूचना. घरात, गाडीत, सोसायटीच्या गणेशोत्सवात गाणे लावाल, तेव्हा आधी तिघांची नावे मोठ्याने सांगा. मुले प्रथम हसतील, मग ऐकतील, आणि महिन्याभराने तुमच्या आधी सांगू लागतील. तीन नावांना दहा सेकंद पुरतात. ज्यांच्या शब्दांवर आणि चालींवर आपण आयुष्यभर सुखदुःखे निभावून नेली, त्यांच्यासाठी दहा सेकंद फार नव्हेत.