नकाशा कोणाचा?

नव्या वसाहतीचा जागेवरील नकाशा मंजूर करणें ही बाब आमच्या बहुतेक नगरपालिकांत अर्जदार व अधिकारी या दोघांमधील खाजगी व्यवहार समजली जाते. हा समज चुकीचा आहे. इतकेंच नव्हे, तर तो नागरिकांच्या जीवितास व वित्तास अपायकारक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. इमारतीची उंची रस्त्यावरील कोणासही दिसते. परंतु दोन इमारतींत अंतर किती, आगीचा बंब कोणत्या वाटेनें आंत शिरणार, पावसाचें पाणी कोणीकडे वाहणार व मुलांनीं खेळावें कोठें, हें सर्व त्या एका कागदावर ठरतें. कागदावरील चूक खोडरबरानें पुसतां येते. सिमेंटांत उतरलेली चूक पुसण्यास सुरुंग लागतो.

हा केवळ शब्दालंकार नव्हे. दिल्लीलगतच्या नोएडा शहरांत सुपरटेक कंपनीच्या ‘एमराल्ड कोर्ट’ या वसाहतींत जेथें बाग दाखविली होती, तेथें पुढें सुधारित नकाशांच्या आधारें दोन मनोरे चढूं लागले. शेजारच्या इमारतीपासून नियमानें १६ मीटर अंतर हवें होतें; ठेवलें अवघें ९ मीटर. रहिवाशांनीं मंजूर नकाशाची प्रत मागितली, तेव्हां प्राधिकरणानें ती द्यावयाची कीं नाहीं हें बांधकाम कंपनीसच विचारलें! कंपनीनें नकार दिला व प्राधिकरण स्वस्थ बसलें. कुंपणानेंच शेत खाण्याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? अलाहाबाद उच्च न्यायालयानें २०१४ सालीं मनोरे पाडण्याचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयानें ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं तो कायम करतांना अधिकारी व कंपनी यांच्या संगनमतावर कडक ताशेरे ओढले. आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजीं सुमारें १०० मीटर उंचीचे ते मनोरे कांहीं सेकंदांत जमीनदोस्त झाले. नकाशाची एक प्रत वेळींच लोकांच्या हातीं पडती, तर हा अनर्थ टळण्याचा संभव होता.

आतां आपल्या घरचें पाहूं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें शहराचा विकास आराखडा करतांना लोकांच्या हरकती व सूचना मागविणें बंधनकारक केलें आहे. परंतु त्याच कायद्यान्वयें एखाद्या भूखंडावर बांधकामाचा अर्ज आला, कीं तेथें शेजाऱ्यापाजाऱ्यास कांहीं विचारण्याची तरतूद नाहीं. उलट ६० दिवसांत निर्णय न कळविल्यास, नकाशा नियमांस धरून असेल तर, परवानगी मिळाली असेंच समजावयाचें! लग्नाच्या याद्या करतांना सर्वांस बोलवावें आणि ऐन मुहूर्तावर मांडवाचें दार लावून घ्यावें, त्यांतलाच हा प्रकार होय.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें मंजूर नकाशा बांधकामाच्या जागीं लावण्यास सांगितलें व दोन-तृतीयांश सदनिकाधारकांच्या लेखी संमतीवांचून त्यांत मोठा फेरबदल करण्यास मनाई केली. १७ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही बांधकाम संपेपर्यंत नकाशा जागेवर लावून ठेवावा व अधिकाऱ्यांनीं वेळोवेळीं पाहणी करून तिची नोंद ठेवावी, असें फर्माविलें. हे उपाय स्तुत्य आहेत. पण ते सर्व मंजुरीनंतरचे आहेत. आमचें मागणें मंजुरीपूर्वींचें आहे.

मुंबई वगळतां बहुतेक राज्यास लागू असलेल्या २०२० च्या नियमावलींत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडाच्या आखणींत सामान्यतः एक दशांश जागा खुली ठेवण्यास सांगितलें आहे. निदान एवढ्या मोठ्या आखण्यांचे नकाशे मंजुरीपूर्वीं पंधरा दिवस प्रभाग कार्यालयांत व प्रत्यक्ष जागेवर, मराठींत, सर्वांस दिसतील असे लावावे. सामासिक अंतरें, बंबाची वाट, खुली जागा, सांडपाणी व नैसर्गिक ओढा यांची तपासणी कलमवार करून प्रत्येक कलमापुढें मोजमाप व जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. आलेल्या हरकतीस सकारण लेखी उत्तर मिळावें. आणि सुधारित नकाशाही याच दारांतून आंत यावा. कारण खरी चोरी बहुधा दुरुस्तीच्या खिडकींतून होते. संगणक अंतरें मोजील. परंतु श्रावणांत पाणी कोणत्या बोळांतून येतें, तें त्या बोळांत राहणाराच सांगूं शकेल. नकाशा भूखंडाच्या हद्दीवर संपतो, पाणी तेथें संपत नाहीं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पुण्यांतील आंबिल ओढ्याचा पूर ज्यांच्या घरांत शिरला, त्यांस हें शिकवावें लागणार नाहीं.

यानें विलंब होईल, भांडवल अडकून पडेल व व्याज चढेल, असा आक्षेप येईल. तो अगदींच पोकळ नाहीं, आणि म्हणूनच हरकतींस मुदत हवी व लहान घरांस हा व्याप नको. परंतु कायद्यानें दिलेल्या ६० दिवसांत हे पंधरा दिवस सुखानें बसतात. शिवाय आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतों कीं, नमुना एक दाखवून माल दुसरा देणाऱ्याची पेढी बाजारांत किती दिवस टिकते? मंजूर नकाशा हा घर घेणाऱ्यास दाखविलेला नमुनाच होय. आयुष्याची पुंजी ओतून घर घेणाऱ्या गृहस्थास बागेच्या जागीं भिंत मिळाली, तर त्याचें व्याज कोण भरणार? उघड्या नियमांनीं प्रामाणिक बांधकाम व्यावसायिकाचें नुकसान नाहीं. त्याला आडवाटेनें पुढें जाणाऱ्याशीं करावी लागणारी स्पर्धा मात्र थांबेल.

नगरपालिकांस आपण स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतों. ज्या संस्थेच्या दप्तरांतील नकाशा पाहण्यास नागरिकाला दाराशीं तिष्ठावें लागतें, तिला हें नांव शोभत नाहीं. नगरसेवकांनीं हा ठराव सभेपुढें आणावा व राज्य सरकारनें त्यास नियमाचें बळ द्यावें. आणि नागरिकांनींही पाया खणला जात असतांनाच नकाशा मागावा. छपराच्या वेळीं केलेली तक्रार न्यायालयांत टिकली, तरी घर टिकतेंच असें नाहीं.