पाना, पाटे आणि कला शाखा

कला शाखेचा विद्यार्थी गाडीखाली शिरला, की दोन प्रकारची माणसे ताबडतोब गोळा होतात. पहिली म्हणतात, "हे आपले काम नव्हे, मेस्त्रीला बोलाव." दुसरी म्हणतात, "त्यात काय आहे? मोबाइलवर बघ आणि कर." या दोन्ही मतांशी माझे भांडण आहे, आणि त्यासाठीच वार्षिकाची ही जागा मी अडवीत आहे.

मुळशी खोऱ्यात माझ्या मामांची एक जुनी, पाट्यांची महिंद्र जीप आहे. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने तिचे पाटे बसले होते. ओढा ओलांडून वर चढताना मागचा हूक दगडाला घासे. दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ आणि मी मिळून ते पाटे उतरवले आणि दोन इंच उंची देणारे नवे बसवले. तो वाणिज्य शाखेचा, मी मराठी वाङ्मयाचा. दोघांचे मिळून यंत्रज्ञान सायकलच्या चेनपर्यंत जेमतेम पोहोचणारे!

गाडी उंच केल्याने नेमके काय साधते, याविषयी बराच गैरसमज आहे. पाटे बदलले की सांगाडा वर जातो, पण आस जिथल्या तिथेच राहतो. आणि जमिनीच्या सर्वांत जवळ असतो तो आसावरचा डिफरन्शिअलचा गोळा. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, तेही टायरचा व्यास दोन इंच वाढला तर एकच इंच. शिवाय मोठा टायर घातला की वेगाचा काटा खरा वेग सांगत नाही, कमी दाखवतो. आमची अडचण पुढच्या-मागच्या टोकांच्या घासण्याची होती, म्हणून पाटे बदलण्याला अर्थ होता. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर केवळ रुबाबासाठी गाडी उंच करणे म्हणजे वजनाचा मध्य वर नेऊन वळणावर कलंडण्याचा धोका विकत घेणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष काम. त्यात ताकदीपेक्षा क्रमाला महत्त्व आहे. सपाट, पक्की जमीन. खाली राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. सांगाड्याखाली भक्कम घोड्या आणि आसाखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ. तिथे मामांनी आम्हाला सूट दिली नाही. गंजलेल्या नटांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवले होते, तरी दोन नटांनी अर्धा दिवस खाल्ला. पाट्यांच्या मधल्या बोल्टचे डोके आसावरच्या भोकात नीट बसले पाहिजे. ते बसले नाही तर आस तिरका राहतो आणि गाडी एका बाजूला ओढते. यू-बोल्ट नवेच घ्यावे लागतात, कारण एकदा आवळलेला बोल्ट ताणलेला असतो. ते चारही आळीपाळीने, समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे.

आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की पाट्यांच्या टोकांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवायची, हलवून तिला तिच्या वजनावर बसू द्यायचे आणि मग आवळायचे. नाही तर आतले रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच अडकतात आणि लवकर फाटतात. कवितेच्या तासाला आपण संदर्भाबाहेर अर्थ लावू नये असे शिकतो. इथे तेच लोखंडाला लागू होते. (हे वाक्य माझ्या मामेभावाला अजिबात आवडले नाही.)

पहिल्या मतवाल्यांना माझे उत्तर यातच आहे. "आपले काम नव्हे" यातला 'आपले' कोण? ज्या समाजाने लोहार-सुताराला बलुत्यावर राबवले आणि पोथी वाचणाऱ्याला ओट्यावर बसवले, त्याच समाजाचा हा आवाज आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' ही योजना राबवली ती विद्यार्थ्याचे हात मळावेत म्हणून. आपण मात्र पदवीचा उपयोग हात न मळण्यासाठी करतो. मेस्त्री आवाजावरून दोष ओळखतो तेव्हा तो तर्कच करत असतो. त्याला गुण मात्र कुणी देत नाही.

दुसऱ्या मतवाल्यांशी भांडण अधिक गंभीर आहे. ध्वनिचित्रफीत दहा मिनिटांची असते आणि तिच्यात नट कधी गंजलेला नसतो. गाडी उंच झाली की ब्रेकची रबरी नळी आखूड पडू शकते. चाक पूर्ण खाली लोंबकळताना ती ताणली जाते का, हे पाहावेच लागते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, सुकाणूच्या दांड्याचा बदलतो. आम्ही पाटे बसवले. पण ब्रेक आणि सुकाणू तपासायला गावातल्या जाणत्या मेस्त्रीला बोलावले, त्याची मजुरी दिली आणि तो काय पाहतो ते शेजारी उभे राहून पाहिले. वेल्डिंगला तर हात लावायचा नाही असे आधीच ठरले होते. शंभरएक किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. त्यांतले दोन थोडे फिरले.

ज्यांना हे करायचे असेल त्यांनी कायद्याचाही विचार करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतील फेरफारांवर बंधने घातली आहेत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याबाबत कडक भूमिका घेतली. पैसे खर्च करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारलेले बरे. आम्ही बसलेल्या पाट्यांच्या जागी नवे घातले, तरी मामांनी आधी तिथे जाऊन चौकशी केली होती.

राहिला दिव्यांचा प्रश्न. गाडीची उंची आणि कल बदलला, की दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ लागतो. ताम्हिणीच्या वळणांवर अशा उंच गाड्यांनी मला कितीदा आंधळे केले आहे! दिवे खाली वळवायला एक स्क्रू-ड्रायव्हर, एक भिंत आणि दहा मिनिटे पुरतात. आम्ही ते त्याच संध्याकाळी, गोठ्याच्या भिंतीसमोर, चाचणीला निघण्याआधी केले.