मधल्या पिढीसाठी

भोपाळच्या मराठी घरात दिवाळी अंक आजोबांसाठी येतो आणि बहुधा तेच तो वाचतात. मुलगा हिंदी माध्यमात शिकलेला, नात इंग्रजी. मग इथल्या लेखकाने आजोबांसाठी पुण्या-नागपूरच्या आठवणी लिहाव्यात, नाहीतर नातीसाठी सोपे करून लिहावे, असे धरून चालतात. मधल्या पिढीचे नाव कोणी काढत नाही. आमच्या मते लिहायचे ते तिच्यासाठीच. देवनागरी तिला अडत नाही, घरातली मराठीही सुटलेली नाही. पण छापील मराठीत तिला स्वतःचे पिपलानी, भेलची शिफ्ट, न्यू मार्केटमधली खरेदी कुठे सापडत नाही. मग तिने ती वाचावी कशाला?

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. बालविवाह, केशवपन हे तेव्हाच्या वाचकांच्या माजघरातले प्रश्न होते. पुढच्या पिढ्यांना ती कादंबरी आयतीच मिळाली. यावर कोणी गजानन माधव मुक्तिबोधांकडे बोट दाखवील. मराठी घरातला हा हिंदी कवी 1964 साली आजारपणात भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात होता. त्याच वर्षी दिल्लीत वारला, आणि त्याचा पहिला स्वतंत्र संग्रह मृत्यूनंतर निघाला. म्हणजे तो उद्याच्या वाचकासाठीच लिहीत होता? तसे दिसत नाही. ‘तार सप्तक’मध्ये 1943 सालीच तो समकालीनांबरोबर छापला गेला होता, आणि भांडला तोही आपल्याच काळातल्या मध्यमवर्गाशी. संग्रह उशिरा निघाला, एवढेच.

वर्गणी आजोबा भरतात, त्यांना दुखवून अंक चालेल कसा, ही अडचण मात्र खरी आहे. तरी त्यांचेही आयुष्य याच शहरात गेले. सदाशिव पेठेखेरीज त्यांना काही रुचत नाही, हा आपला संपादकी समज. नातीसाठी मजकूर पातळ करण्याने तर काहीच साधत नाही, कारण बेचव लेखन मुले सर्वांत आधी ओळखतात. डिसेंबर 1984 मधल्या वायुकांडाच्या रात्री जे इथे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज पन्नाशी ओलांडून गेलेत; हीच ती मधली पिढी. ती रात्र ते घरी मराठीत सांगतात. ती त्यांनी त्याच हिंदीमिश्रित मराठीत लिहून पाठवावी. शुद्धलेखन आम्ही पाहू, बोली बदलणार नाही.