भरतीच्या मैदानावरची सुई

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की देगलूरच्या वस्त्यांमध्ये दिवस लवकर उजाडतो. चार-साडेचारला पोरे-पोरी रस्त्याला लागतात. जिथे गाड्या कमी आणि डांबर बरे, तिथे पळतात. कुणाच्या पायात चांगले बूट, कुणाच्या पायात भावाचे जुने. आई दुसऱ्याच्या शेतात, बाप गवंड्याच्या हाताखाली. घरात एक वर्दी आली तर सगळ्या घराचे दिवस पालटतात, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

म्हणूनच या वेळी आरोग्य पानावर उत्तेजक औषधांविषयी लिहीत आहोत. ‘डोपिंग’ म्हणजे ऑलिम्पिकवाल्यांचे लफडे, आपल्याला काय त्याचे, असे बहुतेकांना वाटते. आपल्या घरात ते डोपिंग या नावाने येतच नाही. ‘ताकदीचे इंजेक्शन’, ‘दम वाढवायची गोळी’, ‘बॉडीची पावडर’ अशा नावांनी येते. आणि घेऊन येतो तो आपलाच पोरगा.

आधी हिशेब पाहू. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलाने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवले तर पूर्ण २० गुण, पुढे वेळ वाढेल तसे गुण उतरत जातात. दोन-तीन वर्षे घासलेल्या पोराला या सेकंदांची किंमत कळते. मैदानावर कुणीतरी कानाशी येऊन सांगतो, एक सुई घे, दम लागणारच नाही. भरतीच्या मैदानांजवळ, लॉजवर सिरिंज आणि बाटल्या सापडल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचल्या आहेत. जिममध्ये विकल्या जाणाऱ्या अशाच इंजेक्शनांवर राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी धाडी टाकल्या आहेत.

त्या बाटलीवर बहुतेक वेळा मेफेन्टरमाइन असे नाव असते. हे औषध खोटे नाही, दवाखान्यातले खरे औषध आहे. ऑपरेशनसाठी पाठीत भूल दिली की काही पेशंटांचा रक्तदाब एकदम खाली जातो. तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे देतात, तेही पेशंट टेबलावर आडवा असताना, छातीला मॉनिटर लावलेला असताना. आता तेच औषध धडधाकट पोराच्या अंगात सोडा आणि त्याला जीव तोडून पळायला लावा. धावताना रक्तदाब आणि ठोके तसेही चढलेले असतात, त्यावर हे आणखी चढवते. ठोक्यांची लय बिघडू शकते, मेंदूतली रक्तवाहिनी फुटू शकते. काहींना छातीत दुखते, डोके फुटल्यासारखे होते, हातपाय थरथरतात.

आणि मुख्य गोष्ट अशी की हे इंजेक्शन पायात बळ घालत नाही. ते थकवा कळू देत नाही. थकवा हा शरीराने मारलेला आवाज आहे: थांब, पाणी पी, सावलीत बस. हा आवाजच बंद केला तर मराठवाड्याच्या उन्हात, उपाशीपोटी पळणारे पोर कुठे थांबणार? अंग तापत जाते आणि त्याला पत्ता लागत नाही.

एकदा घेऊन सुटका होत नाही, हेही पाहण्यात येते. परीक्षेच्या दिवसापुरते म्हणून सुरू झालेले सरावाच्या दिवसांतही लागते. मग त्याशिवाय अंग उठत नाही. झोप उडते, चिडचिड वाढते, घरच्यांवर संशय येतो, कानात कुणी बोलल्याचे भास होतात. घरचे म्हणतात कुणीतरी काही केले, आणि उतारा काढायला नेतात. आमचे म्हणणे इतकेच की आधी पोराच्या दंडावर आणि कोपराच्या आतल्या बाजूला सुईच्या खुणा आहेत का पाहा. एकच सिरिंज चौघांत फिरली असेल तर कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’ आणि एचआयव्हीचीही तपासणी करावी लागेल. पंचशीलातले पाचवे शील आपण दारूच्या बाटलीपुरतेच धरून बसलो आहोत, या बाटलीचाही विचार व्हायला हवा.

दुसरा प्रकार स्टेरॉइडचा. इथे मोठा घोळ आहे, कारण एकाच शब्दात दोन वेगळी औषधे येतात. दम्याच्या, संधिवाताच्या पेशंटला डॉक्टर देतात ते स्टेरॉइड वेगळे. हे वाचून कुणी आजीची गोळी किंवा मुलाचा पंप बंद करू नये. अशा गोळ्या मनाने एकदम थांबवणे धोक्याचे असते. अंग भरावे, दंड फुगावेत म्हणून जिममध्ये घेतात ते पुरुषी हार्मोनसारखे स्टेरॉइड. त्याने स्नायू वाढतात हे खरे आहे, नाही म्हणून उपयोग नाही. पण बाहेरून हार्मोन मिळाले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते. वृषण लहान होतात, वीर्यातले बीज घटते, मुलाची छाती बाईसारखी वाढू शकते. यकृतावर मार बसतो, हृदयाचा स्नायू जाड होतो. वाढत्या वयातल्या पोराची उंची खुंटू शकते, आणि भरतीत उंचीही मोजतात! मुलींचा आवाज घोगरा होतो, ओठावर केस येतात, पाळी थांबते. आवाज एकदा बदलला तर बहुधा परत येत नाही.

गोळ्या-पावडरीतही असेच असते. भरतीला मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून आणखी ५ लागते, म्हणून किडकिडीत पोरे वजन वाढवायला काहीबाही खातात. सुट्ट्या पुडीतल्या, नाव-पत्ता नसलेल्या गोळ्यांत डेक्सामेथासोनसारखे औषध असू शकते. चेहरा गोल होतो, गाल भरतात, आई खूश होते. ती तब्येत नसते. अंगात पाणी आणि चरबी साचलेली असते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, साधा ताप लवकर हटत नाही.

‘मला काय माहीत त्यात काय होते, सरांनी दिले, मी घेतले,’ हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. खेळाच्या कायद्यात हे उत्तर चालत नाही. याचे मोठे उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. नरसिंग यादव हा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल, महाराष्ट्र पोलीस दलात अधिकारी. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्य जिंकून त्याने रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवली. २०१६ च्या जून-जुलैत त्याच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यात कुणीतरी मुद्दाम मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या समितीने ते मान्य करून त्याला मोकळे केले. पण जागतिक संस्था ‘वाडा’ अपिलात गेली. १८ ऑगस्ट २०१६ रोजी, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने ती गोष्ट पुराव्याने पटत नाही म्हणून चार वर्षांची बंदी घातली. रिओत पोहोचलेला मल्ल आखाड्यात न उतरता परत आला.

खरे काय घडले यावर आजही लोक भांडतात, आम्ही त्यात पडत नाही. नियम मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावा. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला तो स्वतः जबाबदार. कुणी दिले, कसे आले, हे त्यानेच सिद्ध करायचे. वकील, पैसा, वर्तमानपत्रे पाठीशी असलेल्या मल्लाला ते जमले नाही. देगलूरच्या शाळेतून विभागीय, राज्य स्पर्धेला जाणाऱ्या आपल्या कबड्डीपटू मुलीला ते कसे जमेल? सर्दीची गोळी घेतानाही डॉक्टरला ‘मी स्पर्धेत खेळते’ असे सांगायची सवय तिला आतापासून लावली पाहिजे.

आता भरतीकडे परत येऊ. पोरांना शिव्या देऊन हा प्रश्न सुटेल असे आम्हाला वाटत नाही. जागा थोड्या, अर्ज लाखांनी आणि वयाची अट डोक्यावर. अशा वेळी सुई घेणारा पोरगा चैनीसाठी घेत नसतो, तो घाबरलेला असतो. राग धरायचाच तर त्याला ती विकणाऱ्यावर धरा. मेफेन्टरमाइन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणे गुन्हा आहे. बाटली सापडली तर फेकू नका. तिच्यावरचे नाव आणि बॅच नंबर टिपून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे तक्रार द्या. वस्तीतल्या मंडळाने एकत्र जाऊन दिली तर एका घरावर रोष येत नाही.

यात सर्वांत जास्त लुबाडला जातो तो सुई न घेणारा. आपल्या वस्तीतली बहुतेक पोरे तशीच आहेत, भाकरी खाऊन पळणारी. त्यांच्या पुढे जाणारा औषधावर पळत असेल तर गुण कुणाचे गेले? ज्यांनी आधीच पिढ्यान्‌पिढ्या मागून सुरुवात केली, त्यांचेच. म्हणून मैदानी चाचणीत निवडल्या जाणाऱ्या उमेदवारांची तिथेच, त्याच दिवशी लघवीची तपासणी व्हावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी उघडपणे करायला हवी. तपासणीची नुसती भीतीही काम करते. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्याच्या अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याचे कळताच खेळाडू पसार झाले आणि १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. त्याच वर्षी भारतात तपासलेल्या सुमारे ५,६०० नमुन्यांपैकी २०० हून जास्त सदोष निघाले, म्हणजे जवळपास ३.८ टक्के. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईटांपैकी आहे. देशात २०२२ चा उत्तेजकविरोधी कायदाही आहे, पण तो खेळाडूंसाठी. भरतीचे मैदान त्यात येत नाही.

पोरांनाही एक हिशेब सांगावासा वाटतो. लेखी परीक्षा १०० गुणांची आहे. सुईने समजा दोन-चार गुण वाढले, तेवढे गुण अंकगणित आणि मराठी व्याकरणाच्या दोन महिन्यांच्या अभ्यासात मिळतात, आणि त्याने ठोके चुकत नाहीत. आणि धाव? ती आठवड्याला थोडी थोडी वाढते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत, पाचव्या महार बटालियनमध्ये भरती झाला, सियाचेनला राहिला, आणि त्यानंतर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य जिंकले. मधली सगळी वर्षे सरावाची होती. आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यातली भाग्यश्री जाधव गोळाफेकीत पोहोचली ती थेट पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये देशाचा झेंडा हातात घेण्यापर्यंत.

सराव सुरू करण्याआधी उपजिल्हा रुग्णालयात जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या. सिकलसेल आपल्या समाजात आढळतो. ज्याच्यात तो फक्त वाहक म्हणून आहे, त्याला एरवी काही त्रास नसतो, पण कडक उन्हात, पाणी न पिता जीव तोडून पळाल्यास तोही कोसळू शकतो. वाहक असणे म्हणजे पळू नये असे नाही, पाणी आणि विश्रांती सांभाळून पळावे. अशा पोराने थकवा मारणारी सुई घेतली तर काय होईल, ते वर सांगितलेच आहे. मैदानावर कुणी कोसळले तर सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, १०८ ला फोन लावा आणि त्याने काही टोचून घेतले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. केस होईल या भीतीने मित्र गप्प बसतात आणि डॉक्टर अंधारात इलाज करत राहतात. सवय लागलेल्या मुलासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.